सहासष्टनंतर

दादाची कवळी परत आली. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, कुरिअरवाल्यानं रोजच्या ठशांच्या खोक्यांबरोबर एक छोटं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि सही घेऊन तो गेला. पाठवणाऱ्याच्या जागी वहिनीचं अक्षर. कापलं, तर आत माझीच डबी, मीच भरलेला कापूस आणि त्या कापसात वरचा जबडा, खालचा जबडा, पाच आठवड्यांपूर्वी मी पॉलिश करून ठेवले होते तसेच चकचकीत. सोबत चिठ्ठी : 'बसत नाही म्हणतो. रागावू नकोस.' मी रागावले नाही. मी आधी कवळी खिडकीच्या उजेडात धरून बघितली, ही तीस वर्षांची खोड. वापरलेली कवळी लगेच ओळखता येते. चहाचा पुसट डाग, दाढेच्या खाचेत अडकलेलं काहीबाही, टाळूवरची चमक जराशी उतरलेली. इथे त्यातलं काही नव्हतं. फार तर एकदा, पाच मिनिटं, तोंडात जाऊन आली असेल. मग मी कपाटातून दादाच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा काढला. काम झालं की साचे टाकून द्यायचे असतात. हा मी टाकला नव्हता. त्याच्यावर कवळी ठेवली आणि ती टचकन बसली. बसत नाही म्हणे! मी ती काढली, परत बसवली, परत काढली. शेजारच्या टेबलावरून मेणबाई म्हणाली, "जेवायला चल. ते दात काही पळून जात नाहीत." मेणबाई आमच्याकडे मेणात दात लावते, बावीस वर्षं लावते आहे, आणि ह्या जगात कशाचंही फार वाटून घ्यायचं नाही असं तिनं केव्हाच ठरवून टाकलेलं आहे.

मी कवळ्या करते. लोकांना वाटतं की कवळी दातांचा डॉक्टर करतो. डॉक्टर ठसा घेतो आणि पाठवून देतो. बाकीचं एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होतं, जिथे तीन टेबलं, एक नळ, एक भट्टी आणि सगळ्या वस्तूंवर प्लास्टरची पांढरी साय असते. माणसं आमच्याकडे येत नाहीत. येतो तो एक आकडा, वय, दातांचा रंग आणि तोंडाच्या आतला एक ठसा. कुणाची हिरडी कुठे बसली आहे, कोण एकाच बाजूनं चावतो, कोण झोपेत दात खात होता, हे सगळं मला कळतं आणि तो माणूस बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला तरी मी त्याला ओळखणार नाही. हे मला आवडतं. किंवा आवडायचं. माणसांशी बोलण्याचं काम दादाकडे होतं आणि घरात एकानं बोललं की पुरे, असा माझा लहानपणापासूनचा समज. दादा बस आगारात घोषणा करायचा. एकतीस वर्षं तो काचेच्या खोलीत बसून सांगत राहिला की अमुक ठिकाणी जाणारी गाडी तमुक फलाटावर लागली आहे, आणि त्याच्या आवाजात ती गाडी नुसती लागायची नाही, तुमच्यासाठीच लागायची. बायका-माणसं सामान उचलायची थांबून वर कर्ण्याकडे बघायची. मी त्या गावी गेले की मुद्दाम एक गाडी सोडून द्यायचे, पुढच्या गाडीची घोषणा ऐकायला मिळावी म्हणून. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर दर रविवारी चारला त्याचा फोन यायचा. "काय गं उंदीर," अशी सुरुवात. लहानपणी मी पुस्तकांचे कोपरे चावायचे, त्यावरून पडलेलं नाव. आता मी सत्तावन्न वर्षांची उंदीर. फोनवर तो बोलायचा आणि मी हूं हूं करायचे, चहा प्यायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे. मग त्याच्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले आणि दोन महिन्यांत डॉक्टरांनी एकेक करून सगळे काढले. त्या दिवसापासून दादाचा फोन बंद. पाच महिने. मी केला की वहिनी उचलायची. "तो बसलाय इथेच," ती म्हणायची, "पण मान हलवतो नुसती." घरातही तो वहीवर लिहून दाखवत होता. बोललाच तर तोंडावर हात धरून, तेही 'दार' किंवा 'नको' एवढंच. ज्या माणसाचा आवाज कर्ण्यातून अख्ख्या आगाराला जायचा, त्याला आता स्वतःच्या ओठांचा बोजवारा ऐकवत नव्हता. ते मला कळत होतं. म्हणून तर मी त्याच्या डॉक्टरांना सांगून ठसा माझ्याकडे मागवला होता, की ही कवळी मी करीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रविवारी चार वाजले की मी अजून चहा ठेवायचे, आणि घड्या घालायला कपडे नसले तर घातलेल्याच मोडून पुन्हा घालायचे.

त्या मंगळवारी जेवताना मेणबाई स्वतःच्या डब्यातलं माझ्या डब्यात सरकवत होती आणि मी जिन्याचा विचार करत होते. आम्ही राहायचो त्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर, जाळीची एक उभी खिडकी होती आणि दुपारी तिथून उजेडाचा एक पट्टा बरोबर दोन माणसांपुरता पडायचा. शाळा सुटली की मी आणि दादा त्या पट्ट्यात बसायचो. दादा पंधराचा, मी आठची. खालच्या टायरच्या दुकानातून रबराचा वास येत असायचा आणि दादाच्या मांडीवर विज्ञानकथांचं एखादं जुनं मासिक असायचं, कुणाकुणाचे हात लागून मऊ पडलेलं. तो मोठ्यानं वाचायचा. यंत्रमानव, उलटा चालणारा काळ, समुद्राच्या तळाशी वसवलेली शाळा, सगळं मी त्याच्या आवाजात पाहिलेलं आहे. आणि दर गोष्टीत, शेवटचं पान आलं की तो मासिक छातीशी धरून मिटायचा. "आधी तू सांग. शेवट काय?" मी सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा कायदाच होता. मी काहीतरी सांगायचे; तो ऐकून घ्यायचा, भुवई वर करायचा, आणि मग वाचायचा. बहुतेक वेळा छापलेला शेवट माझ्यापेक्षा बरा असायचा. दोन-तीनदा माझा बरा होता, आणि ते त्यानं कबूल केलं होतं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. दूरच्या कुठल्याशा चंद्रावरच्या केंद्रात एकटाच असलेला एक माणूस. पृथ्वीवरून त्याला रोज आवाज यायचा, एक दिवस यायचा बंद होतो. यंत्र नीट आहे, तारा नीट आहेत, आवाज मात्र नाही. तो माणूस घाबरतो, ओरडतो, रडतो आणि मग ठरवतो की आपल्याकडून वाट बंद ठेवायची नाही. बोलायला काही सुचत नाही म्हणून तो रोज ठरल्या वेळी आकडे मोजतो. एक, दोन, तीन, शंभरपर्यंत. वर्षानुवर्षं. आणि एके दिवशी मोजता मोजता मधेच समोरचा हिरवा दिवा लागतो. पलीकडून काहीतरी येतंय. दादानं मासिक मिटलं. मी शेवट सांगितला, तो म्हणाला, "नाही." दुसरा सांगितला. "अंहं." आठवडाभरात मी सात शेवट सांगितले आणि सातही वेळा तो म्हणाला, तसं नाही. मग मासिक कुणालातरी परत गेलं. पुढे मी त्याच्या लग्नात विचारलं, निवृत्तीच्या दिवशी विचारलं, मधल्या कितीतरी रविवारी विचारलं. "सांगेन कधीतरी," एवढंच. मी ती गोष्ट पुढे शोधलीही. वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी दोन दुपारी माझ्याबरोबर धूळ खाल्ली, पण मासिकाचं नावच आठवत नव्हतं तर सापडणार कसं? म्हणजे त्या हिरव्या दिव्यानंतर काय झालं हे जगात फक्त दादाला माहीत होतं, आणि तो तोंड उघडायला तयार नव्हता. डबा धुताना नळाखाली हे असं एकदम माझ्या डोक्यात आलं आणि मी नळ चालूच ठेवून उभी राहिले.

"विज्ञानकथांचं मंडळ काढते," मी मेणबाईला म्हटलं. "ऑनलाइन. दर रविवारी चारला, एक छोटी गोष्ट. शेवट सोडून सगळी वाचायची आणि प्रत्येकानं आपापला शेवट सांगायचा." तिनं माझ्याकडे बघितलं. "तू? माणसांसमोर? तू तर लिफ्टमध्ये कुणी असेल तर जिन्यानं जातेस." ते खरं होतं. पण बोलणाऱ्या माणसाला नुसतं 'बोल' म्हणून चालत नाही, त्याच्याकडे काहीतरी मागावं लागतं, असं मला त्या क्षणी अगदी लख्ख दिसत होतं. ग्रंथपालबाईंनी वाचनालयाच्या ग्रुपवर सूचना टाकली. मंडळाचं नाव मी 'अर्धी गोष्ट' ठेवलं. तीन आठवड्यांत चार नावं आली : ग्रंथपालबाई स्वतः, लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, एक निवृत्त परिचारिका आणि मेणबाई, जिनं आयुष्यात एकही विज्ञानकथा वाचलेली नव्हती पण "तू पडलीस तर उचलायला कुणीतरी हवं," म्हणाली. पहिली गोष्ट म्हणून मी चंद्रावरच्या माणसाची गोष्ट आठवेल तशी लिहून काढली, हिरव्या दिव्यापर्यंत. आणि कवळी पुन्हा दादाला पाठवली. ह्या वेळी डबीत, आमच्या उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे, प्रत्येक नव्या कवळीबरोबर घालतो ती चिठ्ठी घातली. पहिल्या वेळी घरचाच माणूस म्हणून घातली नव्हती. 'आरशासमोर रोज साठपासून सत्तरपर्यंत मोठ्यानं मोजावे.' एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. त्या अकरा आकड्यांत जिभेला इतकी मेहनत पडते की आठवड्याभरात ती नव्या दातांशी जुळवून घेते. बैठकीची लिंक वहिनीच्या फोनवर पाठवली, चिठ्ठीच्या मागे रविवार, चार वाजता, असं लिहिलं आणि खाली : 'शेवट तुझ्याकडे आहे.'

पहिल्या रविवारी मी तीन वाजल्यापासून तयार. खुर्चीवर दोन उशा, मागे भिंत, कारण मागे काही दिसलं की लोक ते बघत बसतात असं मेणबाई म्हणाली होती. बोलायचं सगळं मी कागदाच्या एका लांब पट्टीवर लिहून घेतलं होतं, 'नमस्कार, आपलं स्वागत' पासून, आणि आपण खाली बघून वाचतोय हे दिसू नये म्हणून ती पट्टी टॅबच्या पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या खाली चिकटवली. चिकटपट्टी सापडेना, तर पर्समध्ये लॅबमधल्या मेणाचा तुकडा होता. तो कोमट करून, दोन बोटांनी दाबून, दात बसवावा तशी पट्टी बसवली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. चार वाजता बैठक सुरू केली. पडद्यावर मी होते. चार वाजून पाच मिनिटं : मी. दहा : मी. स्वतःचा चेहरा इतका वेळ बघायची मला सवय नाही. डावीकडचा ओठ जरा खाली झुकलेला आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि मी ठसा बघते तसा तो बघत राहिले. कुणीच आलं नव्हतं. मेणबाईसुद्धा आली नव्हती, हे मला जास्त लागलं. मी मोठ्यानं एकदा 'नमस्कार, आपलं स्वागत' म्हणून बघितलं. खोलीत ते फारच मूर्खासारखं वाटलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता, आणि मला एकदम त्या चंद्रावरच्या माणसाचं हसू आलं, की बाबा रे, तू वर्षानुवर्षं कसं काय केलंस हे? चाळीस मिनिटं बसले मी. मग यंत्र बंद केलं आणि चहा न करताच पडून राहिले. आपण हे दादासाठी करतोय असं म्हणत होतो, पण आपल्यालाच कुणीतरी यायला हवं होतं, हे तेव्हा कळलं आणि त्याची लाज वाटली.

सोमवारी लॅबचं दार उघडते तोच मेणबाई. "अगं ए बये! अर्धा तास दारात उभं केलंस की आम्हाला!" मला कळेना. तिनं तिचा फोन पुढे केला; त्यात चित्र होतं : 'यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील.' म्हणजे बाहेर थांबायची एक खोली असते. तिथे आलेली माणसं पडद्याच्या वरच्या कडेला एका बारीक पट्ट्यात दिसतात आणि त्यांना बोट लावून आत घ्यावं लागतं. वरच्या कडेला. मी खुर्चीवर बसले. तिथे माझं 'नमस्कार, आपलं स्वागत' होतं, मेणानं घट्ट बसवलेलं. मी लोकांचं स्वागत करायची पट्टी लोकांच्याच तोंडावर लावून चाळीस मिनिटं त्यांची वाट बघत बसले होते. मेणबाईला हसू आवरेना, आणि मलाही आलं असतं, पण मी घरी ठेवलेलं यंत्र मनातल्या मनात उघडत होते. कारण आपल्याला वाटतं ते सगळं पुसलं जातं, पण कोण किती वेळ थांबलं ह्याची यादी त्यात राहते, हे तिनंच मला सांगितलं. संध्याकाळी घरी पोचल्याबरोबर चपलाही न काढता बघितलं. परिचारिका : बारा मिनिटं. ग्रंथपाल : वीस. लिफ्टवाले : सव्वीस. मेणबाई : तीस. आणि सगळ्यात खाली वहिनीच्या फोनचं नाव : चाळीस मिनिटं. मी बंद करेपर्यंत.

वहिनीला फोन लावला तेव्हा माझा आवाज माझाच नव्हता. "अगं, काल सकाळपासून आरशासमोर होता," वहिनी म्हणाली. "साठ, एकसष्ट, साठ, एकसष्ट. मी म्हटलं, हा पुढे का जात नाही? मग दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. कवळी घालून बसला बघ फोनसमोर, मला म्हणाला, तू बाहेर जा. चाळीस मिनिटांनी बाहेर आला तो कवळी काढूनच. डबीत ठेवली, डबी खणात. वहीत लिहिलं, 'तिला वेळ नसेल.'" पाच महिन्यांनी माणूस तोंडात दात घालून माझ्या दारात उभा होता आणि मी आतून कडी लावून स्वतःचा ओठ बघत होते. असं वाटलं, आत्ताच्या आत्ता बसनं जावं, पण त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले तर तो पुन्हा तोंडावर हात धरील, ह्याची खात्री होती. रात्रीपर्यंत मी चार मोठी पत्रं मनात लिहिली आणि चारही खोटी वाटली. शेवटी ती मेणाची पट्टी होती तिथेच ठेवून, मेणबाईला पुन्हा दोन मिनिटं त्या बाहेरच्या खोलीत थांबवून, पडद्याचा फोटो काढला, पट्टीच्या खालून त्या बारीक रेघेचं टोक दिसत होतं तेवढं बोटानं दाखवलं, आणि फक्त फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी ठसा ओतत असताना वहिनीचा निरोप आला. 'फोटो बघून हसला. दात नसताना हसला तर केवढा म्हातारा दिसतो गं. पण हसला.' वाटीतलं प्लास्टर माझ्या हातात घट्ट होऊन गेलं. ते फोडून काढावं लागलं.

तो आठवडा मी कामात घातला. बुधवारी, एका आजींच्या वरच्या जबड्याला पुढचे दात लावताना, माझा हात मधेच थांबला. दोन पुढचे दात, मधे जागा नाही, एकाला एक लागून. सरळ. दादाच्या डॉक्टरांनीही कागदावर हेच लिहिलं होतं, 'पुढचे दात सरळ, लागून'. मी ते वाचलं होतं आणि न वाचल्यासारखं केलं होतं. दादाला लहानपणापासून पुढच्या दोन दातांत बारीक फट होती. जिन्यात वाचताना तो हसला की उजेड त्या फटीतून आत जायचा. मला तो दादा परत हवा होता, म्हणून मेणात दात लावताना मी ती फट ठेवली. मऊ मेण, माझी बोटं, कोण विचारणार होतं? नवख्या मुलीनं केलं असतं तर मी तिला झापलं असतं. खऱ्या दातांत फट असली तर जीभ लहानपणापासून तिच्याशी जमवून घेते. कोऱ्या कवळीत फट ठेवली तर 'स' म्हटलं की वारा सुटतो. साठ, एकसष्ट, आणि पुन्हा साठ. म्हणजे त्याला शिट्टी ऐकू येत होती. एकतीस वर्षं कर्ण्यावरून एक अक्षर न घसरू दिलेल्या माणसाच्या तोंडात मी शिट्टी बसवून दिली होती, प्रेमानं, आणि वर त्याला बसत नाही म्हटल्याबद्दल मनातून खोटं पाडलं होतं. मेणबाईला सांगितलं. तिनं आजींचा जबडा माझ्या हातून काढून घेतला. "आता रविवारी दार उघड म्हणजे झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी मी पडद्यावर काही म्हणजे काही चिकटवलं नाही. चार वाजले. वरच्या कडेला ती बारीक रेघ आली आणि मी बोट लावत गेले. मेणबाई, स्वयंपाकघरात. ग्रंथपालबाई, दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर. लिफ्टवाले गणवेशातच, कुठल्यातरी इमारतीच्या यंत्रखोलीत. "आवाज आला तर घाबरू नका, वर लिफ्ट येतेय," म्हणाले. परिचारिका आल्या नाहीत. चार वाजून सात मिनिटांनी वहिनीचं नाव आलं. आत घेतलं, तर एक काळा चौकोन, आवाज बंद. मी त्या चौकोनाला काही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते. पाठ केलेलं सगळं विसरून मी सरळ गोष्ट वाचायला लागले. सुरुवातीला आवाज थरथरला. मग जिन्यातला तो उजेडाचा पट्टा आठवला आणि मी त्याच लयीत वाचू लागले, वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरायचं, थांबायचं, मग पुढचं उचलायचं. हे सगळं दादाचं होतं, माझ्यात इतकी वर्षं पडून होतं. हिरवा दिवा लागला. मी कागद छातीशी धरला. "आता तुम्ही सांगा. शेवट काय?"

ग्रंथपालबाई म्हणाल्या, पृथ्वीवर मधे इतका काळ गेला असेल की आता जे बोलतायत त्यांची भाषा त्याला कळतच नाही. त्याला नव्यानं शिकावं लागेल, आणि तो शिकतो. लिफ्टवाले विचार करून म्हणाले, "तो त्याचाच आवाज असणार हो. पहिल्या दिवशी मोजलेले आकडे कुठल्यातरी ग्रहावर आपटून परत आलेत. तरुणपणचा आवाज. तो ओळखत नाही." माझ्या अंगावर काटा आला. मेणबाई म्हणाली, "दिव्याची वायर सैल असेल. आमच्या लॅबमधला लागतो तसा." लिफ्टवाले हसले, ग्रंथपालबाई हसल्या, लिफ्टवाल्यांच्या यंत्रखोलीत काहीतरी घरघरत वर गेलं आणि त्या गलक्यात काळ्या चौकोनावरची आवाज बंद असल्याची लाल खूण निघाली. मला ती निघताना दिसली. मी हात वर केला, का ते माहीत नाही, आणि सगळे थांबले.

"मी सांगू?"

शिट्टी वाजली. बारीक, अगदी स्पष्ट. आता तो जाणार, मला वाटलं, आता बंद करणार.

"तो मोजत होता," दादा म्हणाला. आवाज जड, जरासा ओला, शब्द एकेक उचलून ठेवल्यासारखे, पण तोच. "सहासष्टपर्यंत आला होता. दिवा लागला, तसा गप्प झाला. किती वेळ काहीच नाही. मग पलीकडून कुणीतरी म्हणालं, सदुसष्ट."

मेणबाईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. शेवटी लिफ्टवाल्यांना राहवलं नाही. "मग?"

"मग काय? अडुसष्ट ह्यानं म्हटलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. "दादा," मी म्हटलं, "हाच होता? मासिकात हाच शेवट होता?"

"मासिकात शेवटचं पान नव्हतंच गं उंदीर. कुणीतरी आधीच फाडलेलं."

"मग मला सात वेळा नाही कशाला म्हणालास?"

"पहिल्यालाच हो म्हटलं असतं तर दुसरा सांगितला असतास का?" तो थांबला. दम घेतला. "फार छान सांगायचीस. मला ऐकायचे होते."

एवढं बोलून तो दमला असावा. चौकोन काळाच होता. मी नाक पुसलं आणि मग, लॅबमध्ये बोलते त्या आवाजात, कारण दुसरा कुठला आवाज मला त्या वेळी जमला नसता, म्हटलं की शिट्टी वाजते ती माझी चूक आहे, फट मी मुद्दाम ठेवली, ठेवायला नको होती. कवळी उद्याच कुरिअरनं पाठवून दे. मागच्या बाजूनं भरून देते, शिट्टी जाईल, पुढून फट दिसेल तशीच दिसेल.

"पाठवत नाही," दादा म्हणाला.

"का?" मी विचारलं.

"जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. तेवढे दिवस गप्प कोण बसणार? तू ये. हत्यारं घेऊन ये." आणि चौकोन उजळला. इस्त्रीचा शर्ट, गालावर दाढी करताना लागलेलं, मागे वहिनी पदराआड काहीतरी करत उभी. तो हसत होता आणि दोन पुढच्या दातांत फट होती. त्यानं घसा साफ केला, मान जरा वर केली, काचेच्या खोलीत करायचा तशी, आणि आम्हा सगळ्यांना, यंत्रखोलीसकट, घोषणा ऐकवली : "सकाळी सात वाजता सुटणारी बस दुपारी बारा वाजता फलाट क्रमांक सहावर येईल." पाच शिट्ट्या मी मोजल्या. तो एकदाही थांबला नाही.